कागद-पत्र्याची विमाने : खाका ज्याचा, नफा त्याचा

धंद्याच्या पानावर विमानाच्या नमुन्यांचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. मुलांनी वहीचे पान फाडून वर्गात उडवलेले विमान सर्वांनीच पाहिले आहे. त्याला कोणी दाम देत नाही. परंतु ज्या नमुन्यात खऱ्या विमानाचे प्रत्येक माप ठरलेल्या प्रमाणात उतरवलेले असते, पंखावरची रिव्हेटची ओळसुद्धा जागच्या जागी असते, त्याचे गिऱ्हाईक वेगळे आणि किंमतही वेगळी. आणि हा माल बनवायला लागते तरी काय? जाड कागद, शीतपेयाच्या डब्याइतका पातळ पत्रा, कैची, पट्टी, गोंद आणि एका जागी बसून काम करण्याची चिकाटी. शेड लागत नाही, मोठे यंत्र लागत नाही, वीजही दिव्यापुरतीच.

बोईसर-चिल्हार रस्त्यावरच्या बेटेगावच्या परिसरात हा विचार अधिक करण्यासारखा आहे. जवळच तारापूरची औद्योगिक वसाहत. तेथे कापड विणले जाते, रंगवले जाते, पोलादाच्या पत्र्याचे काम होते. समुद्राच्या बाजूला चिंचणी, वरोर आणि वर वाणगाव-डहाणूपर्यंतच्या गावांत दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर घरोघरी बसलेले आहेत. बेटेगावच्या शिवारात बुलेट ट्रेनचे बोईसर स्थानक उभे राहत आहे. मोठी कामे येत आहेत. मात्र संगणकावर चालणारी यंत्रे आल्यापासून डाय कोरणाऱ्या हाताला, कपडा बेतणाऱ्या हाताला आणि नकाशा काढणाऱ्या हाताला पूर्वीसारखे काम राहिलेले नाही. हे तीन हात एकत्र आले तर जे काम उत्तम होऊ शकते, त्यापैकी एक विमानाच्या नमुन्यांचे आहे. म्हणून हा लेख.

पालघर जिल्ह्याचे नाव विमानाशी पूर्वी एकदा जोडले गेले आहे. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांना पाहायला मिळाले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०१८ मध्ये पालघर जिल्ह्यात विमाने तयार करण्याबाबत राज्य सरकारशी करार झाला. तो मोठ्या भांडवलाचा मामला. आपण बोलत आहोत ते टेबलावर मावणाऱ्या विमानाबद्दल.

नमुना म्हणजे पोरखेळ नव्हे

अमेरिकेतील राईट बंधूंना १८७८ मध्ये वडिलांनी कागद, बांबू आणि बूच यांचे एक उडणारे खेळणे आणून दिले होते. पुढे १९०१ मध्ये त्याच भावांनी लाकडी पेटीत वाऱ्याचा झोत सोडून पंखांचे सुमारे दोनशे छोटे नमुने तपासले. हे नमुने पातळ पोलादी पत्र्याचे होते; मेण आणि सोल्डर लावून त्यांना आकार दिलेला होता. त्या पत्र्याच्या तुकड्यांनी जे आकडे दिले त्यांच्या आधारावर १९०३ चे विमान उडाले.

आपल्या देशातही असेच घडले. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे ‘मारुत’ हे लढाऊ विमान जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या देखरेखीखाली तयार झाले. १९६१ मध्ये ते प्रथम उडाले, पण त्याआधी त्याच मापाचे लाकडी ग्लायडर बनवून आकाराची परीक्षा घेण्यात आली होती. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी विमान-नमुने बनवून घेण्याची मोहीम काढली. शत्रूचे विमान कोणते आणि आपले कोणते, हे सैनिकांना लांबून ओळखता यावे हा हेतू. ते नमुने १:७२ प्रमाणात होते, म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट बरोबर नमुन्याचा एक इंच. असा नमुना ३५ फुटांवर धरला की अर्ध्या मैलावरचे खरे विमान दिसावे तसा दिसतो. माप चुकीचे असते तर हा सगळा खटाटोप फुकट गेला असता.

प्रमाण म्हणजे इमान

या धंद्याचा पाया प्रमाण. १:३३, १:४८, १:७२, १:१४४ ही त्यातली चालू मापे. कागदी विमानांत १:३३ अधिक चालते. समजा, पंखांची लांबी ११.२० मीटर आहे. तेहतीसने भागले की सुमारे ३४ सेंटिमीटर आले. जंबो जेट १:३३ मध्ये केले तर पावणेदोन मीटरपेक्षा रुंद होईल, घरात ठेवायला जागा नाही. म्हणून मोठ्या विमानाला १:१४४ बरे. बोईंग ७४७ चे जुने रूप, सुमारे ५९.६ मीटर पंखांचे, १:१४४ मध्ये ४१ सेंटिमीटरमध्ये बसते.

नवीन माणसाला एक हिशेब उलटा वाटतो, तो समजून घेतला पाहिजे. नमुना निम्म्या आकाराचा केला तर कागद एक चतुर्थांश लागतो, म्हणून खर्च कमी होईल असे वाटते. पण भागांची संख्या तेवढीच राहते आणि प्रत्येक भाग बारीक होतो. मजुरी कमी होत नाही, उलट वाढते. ज्या धंद्यात कच्चा माल स्वस्त आणि मजुरी महाग, तेथे माल लहान करून बचत होत नसते.

आणि प्रमाणात फसवणूक करू नये. डब्यावर १:३३ लिहून आत १:३५ देणारा आणि गजात दोन बोटे मारणारा कापडवाला, दोघे एकाच माळेचे मणी. या शौकाचे गिऱ्हाईक पट्टी घेऊन बसणारे असते. एकदा विश्वास गेला की परत येत नाही.

कागदाचे काम : शिंप्याची अक्कल

कागदी नमुन्याचा जीव खाक्यात असतो. विमानाचे गोल अंग सपाट कागदावर कसे उलगडायचे, हा सगळा प्रश्न. आमच्या कापडवाल्यांना तो नवा नाही. सपाट थानातून माणसाचा गोल खांदा झाकायचा म्हणजे हेच काम. सपाट कागद एका दिशेने वळतो. नळकांडे होते, शंकू होतो. एकाच वेळी दोन दिशांनी तो वळत नाही. जबरदस्ती केली तर चुरगळतो. म्हणून विमानाचे फुगीर नाक बनवताना कागदाच्या लांबट पाकळ्या कापून त्या कडेला कड जोडतात. कळीदार कुर्त्याची कळी ती हीच. ज्याला कळी बेतता येते, त्याला निम्मे विमान येते.

कागद साधारण १६० ते २०० जीएसएमचा घेतात. कापडाचे जीएसएम आपण तपासतो, त्याचप्रमाणे कागदाचेही तपासावे. कापडाला ताणा-बाणा असतो तसा कागदालाही उभा-आडवा असतो. छापखान्यातले लोक त्याला ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या दिशेने कागद सहज गोल होतो, आडवा वळवला तर त्यावर चिरा पडतात. भाग छापण्यापूर्वी हे पाहिले नाही तर सबंध गठ्ठा रद्दीत जातो. आतल्या सांगाड्यासाठी एक मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा लागतो: अंगात आडव्या गोल चकत्या, पंखात कण्याची पट्टी. घडी घालायच्या जागी शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ ओढतात, म्हणजे घडी सरळ बसते. गोलाई देण्यासाठी भाग तळहातावर ठेवून गोल पेन्सिल फिरवतात. कापल्यावर कागदाची पांढरी कड दिसते, ती जवळच्या रंगाने भरून घ्यावी लागते. ही कड भरली की नाही, यावरून जाणता गिऱ्हाईक कामाची पारख करतो.

पूर्वी हा खाका पट्टी-कंपासने काढत. आज संगणकावर विमानाचा त्रिमित आकार तयार करून तो सपाट उलगडता येतो. जपानचे पेपाकुरा हे सॉफ्टवेअर त्याच कामाचे, आणि ब्लेंडर तर फुकट मिळते. पण यंत्राने उलगडलेला खाका जसाच्या तसा जुळत नाही. कागदाच्या जाडीमुळे आतले नळकांडे बाहेरच्यात अडकते. कोठे केसभर कमी करायचे ते हात सांगतो. शिंपी शिलाईसाठी दाब सोडतो, तसाच हा हिशेब.

पातळ पत्रा : कागद जेथे हरतो तेथे

कागदाला दोन दिशांची गोलाई जमत नाही, पत्र्याला जमते; कारण पत्रा ताणला जातो. इंजिनाचे आवरण, चाकांची झाकणे, पंख्याच्या मध्यावरची टोपी, नाकाचा शेंडा ही कामे पत्र्याची. शिवाय खरे विमान अॅल्युमिनियमचे असते, तेव्हा अॅल्युमिनियमची चमक रंगाने पूर्ण साधत नाही.

पत्रा कोठून आणायचा? शीतपेयाच्या डब्याची भिंत सुमारे ०.१ मिलिमीटर असते. १:३३ च्या हिशेबाने ती खऱ्या विमानावर ३.३ मिलिमीटर ठरते, म्हणजे खऱ्या पत्र्यापेक्षा जाडच. पण डोळ्याला खटकत नाही. दुसरा माल म्हणजे ऑफसेट छापखान्यातील वापरलेल्या अॅल्युमिनियमच्या प्लेटा. त्या भंगाराच्या भावाने जातात आणि परदेशांत नमुने करणारे त्याच प्लेटा शोधत फिरतात. डब्याचा पत्रा कडक असतो. तो नरम करण्याची जुनी युक्ती अशी की, त्यावर साबण चोळायचा, मंद ज्योतीवर फिरवायचा आणि साबण काळपट झाला की थांबायचे. त्याहून जास्त तापवला तर पत्रा वितळून भोक पडते. मग गार होऊ द्यायचा. असा पत्रा बोटाने दाबला तरी वळतो. डब्यावरचा रंग आणि आतला लेप मात्र आधी घासून काढावा लागतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेलाच्या डब्याचा टिनपत्रा पोलादाचा असतो, त्याला सोल्डर बसते. अॅल्युमिनियमला साध्या सोल्डरने जोडता येत नाही, ते चिकटवावेच लागते. दोन्ही एकत्र वापरायचे तर जोड कोठे येणार हे आधी ठरवावे.

रिव्हेटच्या ओळी कशाने काढतात, हे ऐकून शिंपी हसतील. आपण कापडावर खुणा करण्यासाठी जे दात्यांचे चाक फिरवतो, तेच बारीक दात्यांचे चाक पत्र्याच्या मागून पट्टीला धरून फिरवतात. पुढच्या बाजूला ठिपक्यांची सरळ ओळ उठते.

आता डायवाल्यांकडे येऊ. डाय म्हणजे पोलादात उलटी कोरलेली नक्षी. तिच्यावर पातळ पत्रा ठेवून दाब दिला की सुलटी नक्षी उठते. सोन्याचांदीच्या पातळ पत्र्यावर हे काम करणाऱ्या हाताला अॅल्युमिनियमवर इंजिनाच्या आवरणाचा डाय करणे जड नाही. एकट्या शौकिनाला प्रत्येक आवरण लाकडी ठोकळ्यावर घासून बनवावे लागते, त्यात दिवस जातो. डाय असेल तर शंभर आवरणे सारखी निघतात. ही सोय प्रत्येक गावात नाही. आपल्या पट्ट्यात आहे.

जगात हा धंदा कसा वाढला

टंचाईने हा धंदा वाढवला, असेच म्हणावे लागेल. युद्धकाळात अमेरिकेत धातू-रबराची खेळणी बंद झाली, तेव्हा १९४४ मध्ये जनरल मिल्स कंपनीने आपल्या न्याहारीच्या खाद्याबरोबर वॉलिस रिग्बी यांनी आखलेली कागदी लढाऊ विमाने दिली. नाकात एक पेनीचे नाणे घातले की तोल साधून ती उडत. इंग्लंडमध्ये त्याच दशकात ‘मायक्रोमॉडेल्स’ नावाने छोट्या कार्डांवर छापलेले नमुने खपत होते. पोलंडमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘माली मोडेलाश’ हे मासिक सुरू झाले. अंकाच्या पानांवरच विमाने आणि जहाजे छापलेली. वाचकाने कापायची आणि जोडायची. प्लॅस्टिकचा माल सहज मिळत नव्हता, म्हणून एका देशाची मुले कागदावर तयार झाली आणि तेथील खाका काढणारे पुढे जगभर ओळखले गेले.

पत्र्याच्या कामाचे टोक पाहायचे तर अर्जेंटिनात जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले गिलेर्मो रोहास बासान यांचे नाव घ्यावे लागेल. १:१५ प्रमाणात, अॅल्युमिनियमचा पत्रा कापून, घडवून ते विमाने करतात आणि एकेका विमानाला हजारो तास देतात. हवाई बेटांतील दंतवैद्य यंग पार्क यांनी १:१६ प्रमाणात अॅल्युमिनियमची लढाऊ विमाने केली. काही ठिकाणी बाहेरचा पत्रा मुद्दाम बसवला नाही, आतला सांगाडा दिसावा म्हणून.

या उदाहरणांत दोन वेगळे धंदे आहेत. पोलंडवाल्यांनी खाका विकला: एकदा मेहनत केली, मग छापत गेले. रोहास बासान यांनी हात विकला: प्रत्येक नग वेगळा, प्रत्येक वेळी पूर्ण मेहनत. दोन्ही इज्जतीचे. पण नव्याने उतरणाऱ्याने आपण कोणता धंदा करतो आहोत, हे पहिल्या दिवशी ठरवावे.

हिशेब मांडू

समजा, एका तयार नमुन्याला ६० तास लागतात आणि कारागिराचा तास आपण १०० रुपये धरला. मजुरीच ६,००० रुपये झाली. माल, पेटी आणि काचेचे झाकण वेगळे. असे गिऱ्हाईक थोडे, पण आहे: निवृत्त हवाई अधिकारी, वैमानिक प्रशिक्षण संस्था, प्रवासी कंपन्यांची कार्यालये, शौकीन संग्राहक. एनसीसीच्या हवाई विभागात कॅडेटना नमुने बनवणे शिकवतात, तेथेही माल लागतो. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. विमानाशी संबंधित कार्यालये त्या बाजूला वाढतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता दुसरा मार्ग. समजा, खाका तयार करून तपासायला २०० तास गेले, म्हणजे २०,००० रुपये. २०० संच विकले तर एका संचावर खाक्याचा बोजा फक्त १०० रुपये. छापील कार्ड, डायवर काढलेले पत्र्याचे चार-पाच भाग, मराठीत आणि हिंदीत सूचना आणि पाकीट. बाकीची ६० तासांची मेहनत गिऱ्हाईक स्वतः हौसेने करणार. पहिल्या २०० संचांनंतर खाक्याचा खर्च वसूल. पुढचा नफा खाक्याचा मालक जो असेल त्याचा.

कायद्याचे चार शब्द

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या मालाला यातून सूट आहे. ही नोंद अवश्य करावी. पत्र्याच्या धारदार कडांचा संच लहान मुलांचे खेळणे म्हणून विकूच नये. तो मोठ्यांच्या छंदाचा माल आहे हे पाकिटावर स्पष्ट छापावे. जीएसटीत प्रमाणबद्ध नमुने ९५०३ या शीर्षकाखाली येतात, तर केवळ शिक्षण आणि प्रदर्शनासाठीचे नमुने ९०२३ खाली. आपला माल कोठे बसतो ते सीएला विचारूनच बिल फाडावे. विमान कंपन्यांची नावे आणि बोधचिन्हे नोंदणीकृत असतात, परवानगीशिवाय ती छापून विकू नयेत. आणि डिझाइन कायदा, २००० खाली नव्या आकाराची नोंदणी दहा वर्षांसाठी होते, पुढे पाच वर्षे वाढवता येते. आपल्या मालाला ती लागू पडते का, हे माल बाजारात ठेवण्यापूर्वी जाणकाराला विचारावे. नंतर उपयोग नाही.

खाका हातचा जाऊ देऊ नका

कापडाच्या धंद्यात एक गोष्ट वर्षानुवर्षे दिसते. मागावर बसणारा मीटरच्या भावाने मजुरी घेतो, शिवणारा नगाच्या भावाने, आणि डिझाइन ज्याचे त्याचे नाव कापडाच्या काठावर छापले जाते. मंदी आली की मजुरी आधी कमी होते. डाय कोरणाऱ्यांचीही हीच कथा. नक्षी व्यापाऱ्याची, हात कारागिराचा. हात यंत्राने बदलता येतो. म्हणून यंत्र आले तेव्हा कारागिराकडे धरून ठेवायला काही उरले नाही. हुनर कमी पडला असे नव्हे, हुनराची मालकी त्याच्याकडे नव्हती.

विमानाच्या नमुन्यांचे कामही जॉबवर्क म्हणून करायला निघालो तर दहा वर्षांनी हेच रडगाणे गावे लागेल. बाहेरचा कोणी येईल, खाका देईल, शंभर नग सांगेल, नगाचे दाम ठरवील आणि पुढच्या वर्षी त्याहून स्वस्त हात शोधील. नव्या धंद्यात एवढी एक सोय असते की, अजून कोणी मालक झालेला नसतो.

सुरुवात लहान ठेवावी. ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला एक मुलगा, एक जुना कटिंग मास्टर आणि एक डाय कोरणारा, असे तिघे पुरेत. हिस्सेदारी आणि खाक्याची मालकी पहिल्या दिवशी कागदावर लिहून घ्यावी. दोस्तीत लिखापढी राहून जाते आणि मग दोस्तीही राहत नाही. पहिले विमान असे निवडावे की ज्याची कहाणी आपल्या लोकांना ठाऊक आहे. माझ्या मते ‘पुस मॉथ’ घ्यावे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा त्याच जातीच्या विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. पंख ११.२० मीटर, म्हणजे १:३३ मध्ये ३४ सेंटिमीटर, लांबी ७.६२ मीटर, म्हणजे २३ सेंटिमीटर. सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख लाकडी आणि बाहेरून सगळीकडे कापड चढवलेले. धातूचे आवरण फक्त पुढे इंजिनावर. कापडाच्या जागी कागद आणि आवरणाच्या जागी डायवरचा पत्रा, इतकी सरळ वाटणी दुसऱ्या विमानात क्वचितच मिळेल.

पहिला नमुना बिघडेल, दुसरा वाकडा होईल. तिसरा पट्टीला उतरला की मगच बाजारात जावे. बाजारात जाताना पाकिटावर तिघांचे नाव आणि गावाचे नाव छापलेले असावे.